हाताने चामड्याचं होल्स्टर बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होल्स्टर, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला बाळगायचं म्यान, करायला घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास शेवटच्या पायरीबद्दल असतो. चमक कशी आणायची, रंग डागाळतो का, कडा काचेसारख्या गुळगुळीत कशा होतात. उत्तर शोधत मागे गेलं की बहुतेक वेळा आपण कापणीपाशी, शिवणीपाशी नाहीतर पाण्याच्या बादलीपाशी येऊन थांबतो. म्हणून खालचे प्रश्न कामाच्या क्रमाने लावले आहेत. फिनिशिंगची घाई असली तरी आधीचा भाग वाचून घ्या, बरीचशी गुपितं तिथेच आहेत.

चामड्याला कधी हात लावलेला नाही. थेट होल्स्टरपासून सुरुवात करू का?

नको. आधी सुरीचं म्यान करा, किंवा बागेतल्या छाटणीच्या कात्रीसाठी गवसणी. कापणं, चिकटवणं, शिवणं, ओलं करून आकार देणं, कडा घोटणं हे सगळं त्यातही आहेच. फरक एवढाच, की तिथे चूक झाली तर कात्री सैल बसते. होल्स्टरमध्ये चूक झाली तर परिणाम वेगळे असतात.

होल्स्टर कितीही देखणं असलं तरी तीन गोष्टी नसतील तर ते वापरायचं नाही. चाप आणि त्याच्याभोवतीचं कडं चामड्याने पूर्ण झाकलेलं हवं. रिकामं हत्यार आत घालून होल्स्टर उलटं धरून हलवलं तरी ते पडता कामा नये (ही परीक्षा गादीवर घ्या). आणि हत्यार काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये, एका हाताने परत ठेवता आलं पाहिजे. मिटलेल्या तोंडाची चामड्याची घडी चापाच्या कड्यात शिरली, तर आत ढकलतानाच गोळी सुटू शकते.

म्यान करताना एक गोष्ट वेगळी असते: दोन थरांच्या मध्ये शिवणीलगत चामड्याची एक पट्टी घालावी लागते, नाहीतर पातं रोज थोडा थोडा दोरा कापत राहतं.

कोणतं चामडं घ्यायचं?

वनस्पतीजन्य टॅनिनने कमावलेलं, म्हणजे ज्याला दुकानदार ‘व्हेज टॅन’ म्हणतात ते. बाभळीची साल, हिरडा, ओक, मिमोसा अशा कशातून तरी काढलेल्या टॅनिनमध्ये ते मुरलेलं असतं. हे चामडं पाणी पितं, ओलं असताना मातीसारखं दबतं आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. होल्स्टरची सगळी कला या एका गुणावर उभी आहे.

क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि लवचीक असतं. पिशव्यांना आणि कोटांना छान, पण ओलं करून कितीही दाबा, वाळल्यावर ते मूळपदावर येतं. त्याच्या कडाही घोटल्या जात नाहीत. शिवाय त्यातले क्षार पोलादाला बाधतात, म्हणून अस्तरासाठीसुद्धा ते टाळलेलं बरं.

ओळखायचं कसं? कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब सोडा. व्हेज टॅन चामड्यावर तो जिरतो आणि तिथे गडद डाग दिसतो. वर मेणाचा किंवा रंगाचा थर असेल तर ही युक्ती फसते, तेव्हा मागच्या खरबरीत बाजूने बघू नका, एक तुकडा भिजवून वाकवून वाळवून बघा. वाकलेला राहिला तर आपल्या कामाचा.

जाडी किती? औंसाचं गणित काय आहे?

चामड्याच्या व्यवहारात १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. साध्या होल्स्टरला ७ ते ८ औंस, म्हणजे २.८ ते ३.२ मिलिमीटर पुरतं. लहान पिस्तुलाला थोडं पातळ, वजनदार रिव्हॉल्व्हरला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. दुसरा मार्ग म्हणजे दीड ते दोन मिलिमीटरचे दोन थर खरबरीत बाजूंनी एकमेकांना चिकटवणं. आत-बाहेर दोन्हीकडे गुळगुळीत बाजू येते आणि होल्स्टर आश्चर्य वाटावं इतकं ताठ होतं. पहिल्या कामाला मात्र एकेरीच बरं.

जाडीपेक्षा जास्त फरक कातड्याचा कुठला भाग घेतला याने पडतो. पाठीकडचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो, खांद्याकडचाही चालतो. पोटाकडचा स्वस्त मिळतो कारण तो ताणला जातो. त्याचं होल्स्टर काही महिन्यांत पिशवी होतं आणि त्याची कड घोटताना केसासारखे तंतू वर येत राहतात. पोटाचे तुकडे टाकू मात्र नका, मधल्या पट्ट्यांना आणि सरावाला ते उत्तम.

अवजारं किती लागतात?

कमी. जाहिरातीतल्या पेटीत चाळीस असतात, रोज हाताला येतात ती आठ-दहा. कापायला धारदार रापी किंवा जाड पात्याचा कटर. भोकं पाडायला चौकटीच्या पात्याची आरी, म्हणजे जिचं पातं कापून पाहिलं तर चपटा समभुज चौकोन दिसेल अशी. बोथट टोकाच्या दोन सुया. शिवणीची खाच काढायचं अवजार, कंपास, कड गोल करणारी छिलणी, लाकडी मोगरी, घोटायला कठीण लाकडाचा तुकडा आणि आकार ठसवायला गुळगुळीत हाड किंवा त्यासारखं काही. टाक्यांचं अंतर आखायला चाक नसेल तर जेवणाचा काटाही चालतो, पहिला दात मागच्या खुणेत ठेवत पुढे जायचं.

लोखंडी हातोडीने अवजारांवर ठोकू नका, त्यांची डोकी फुलतात. आणि धार. बोथट रापी जोर मागते, जोर दिला की ती घसरते. कापताना मधूनमधून पातं पॉलिश लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर ओढून घ्या.

नमुना कसा काढायचा?

त्याआधी: खरं हत्यार वापरणार असाल तर ते रिकामं आहे याची दोनदा खात्री करा आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. खरं सांगायचं तर भरीव प्लॅस्टिकची नक्कल मिळते तीच वापरा. ती ओली झाली तरी गंजत नाही आणि तिच्यावर हाड घासताना पॉलिश जाईल अशी भीती नसते. तुमच्याकडचा हत्याराचा परवाना आणि हत्यार बाळगण्याचे नियम काय आहेत तेही होल्स्टर कमरेला लावण्याआधी बघून ठेवा.

आता आखणी. जाड कागदावर हत्यार आडवं ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा. शिवण त्या रेषेवर घालायची नसते, कारण चामड्याला हत्याराच्या जाडीवरून वळून खाली यायचं असतं. माझं गणित असं: हत्याराची निम्मी जाडी अधिक चामड्याची जाडी. हत्यार २६ मिलिमीटर जाड आणि चामडं ३ मिलिमीटर असेल तर १३ अधिक ३, म्हणजे बाह्यरेषेपासून १६ मिलिमीटरवर शिवण. हे दोन तुकड्यांच्या, दोन्ही बाजूंनी शिवलेल्या चपट्या होल्स्टरसाठी. एकच तुकडा दुमडून करायचा असेल तर दुमडीच्या रेषेपासूनही तेवढंच अंतर सोडायचं.

हा आकडा आरंभाचा आहे. हत्याराच्या कडा गोलाई घेत असतील तर एक-दोन मिलिमीटर कमी करावे लागतात. म्हणून पुठ्ठ्याचं होल्स्टर आधी करून स्टेपल मारून बघा. पुठ्ठ्याची अर्ध्या तासाची मेहनत चामड्याचा तुकडा वाचवते. पुठ्ठ्यात थोडं घट्ट वाटलं तर चामड्यात बरोबर येतं, कारण ओलं चामडं थोडं ताणलं जातं.

पट्ट्याच्या खाचा आणि कल किती ठेवू?

खाच पट्ट्याच्या रुंदीपेक्षा एक-दोन मिलिमीटरच मोठी. ३८ मिलिमीटरच्या पट्ट्याला ४० ची खाच. याहून सैल ठेवली तर होल्स्टर डुलतं. मूठ पुढे झुकलेली, १० ते १५ अंश, हा कल बहुतेकांना सोयीचा पडतो. खाचेची दोन टोकं आधी गोल भोक पाडून मग मधली रेघ कापा, चौकोनी कोपऱ्यातून चामडं फाटत जातं. खाचांच्या आतल्या कडा आत्ताच घोटून ठेवा, पुढे तिथे हात पोचत नाही.

चिकटवणं गरजेचं आहे का? शिवणारच आहोत ना.

गरजेचं आहे. शिवताना थर सरकले तर मागची रेष गेलीच. कॉन्टॅक्ट सिमेंट दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग जोडा. जोडल्यावर सरकवता येत नाही, पहिल्यांदाच नीट बसवायचं. गुळगुळीत बाजूवर चिकटवायचं असेल तर ती सँडपेपरने आधी खरबरीत करून घ्या. गोंद शिवणीच्या पट्ट्यातच लावा, आतल्या पोकळीत गेला तर त्याच्यावर धूळ बसत राहते. खिडकी उघडी ठेवा, वास नुसता वाईट नसतो, डोकंही धरतो.

मशीनवर का शिवायचं नाही?

शिवा की, जाड चामड्याचं मशीन असेल तर. पण हाताचा खोगिरी टाका वेगळा असतो. मशीन दोन दोरे वापरतं, एक वरून एक खालून, आणि ते मध्ये एकमेकांत अडकतात. एक दोरा तुटला की शिवण उसवत जाते. खोगिरी टाक्यात एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलट दिशांनी जातात. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. घोड्याच्या सामानाला हीच शिवण घालत आले आहेत, नाव तिथूनच आलं.

दोरा मेण लावलेला, पॉलिएस्टर किंवा लिननचा, ०.८ ते १ मिलिमीटर. लांबी शिवणीच्या चौपट घ्या आणि सुया ओवायला वर एक वीत. ३० सेंटिमीटर शिवण असेल तर दीड मीटर दोरा काढला की शेवटच्या चार टाक्यांना घाम फुटत नाही. टाके चार-पाच मिलिमीटरच्या अंतरावर. फार जवळ घातले तर चामड्यावर कागदाच्या छिद्ररेषेसारखी फाडायची रेघ तयार होते.

शेवटी दोन-तीन टाके मागे येऊन दोरा कापा. पॉलिएस्टर असेल तर टोक ज्योतीने हलकेच वितळवा. लिनन वितळत नाही, जळतं, त्याला गोंदाचा ठिपका लावा.

समोरची शिवण सरळ येते, मागची नागमोडी. काय चुकतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या पहिल्या सहा-सात कामांच्या मागच्या बाजू मी कुणाला दाखवत नाही.

कारणं तीन, आणि तिन्ही एकदम असू शकतात. पहिलं, आरी काटकोनात जात नाही. मनगट जरा खाली झुकलं की तीन मिलिमीटरचे दोन थर पार करेपर्यंत टोक दोन मिलिमीटर भरकटतं. काम शिवणाच्या चिमट्यात धरा आणि आरी डोळ्यांच्या रेषेत न ठेवता बाजूने पाहत घाला. दुसरं, आरीचं पातं प्रत्येक भोकात वेगळ्या कलाने फिरतं. चौकटीचा कल शिवणीच्या रेषेशी साधारण ४५ अंशात कायम ठेवायचा. आरीच्या मुठीवर एक सपाट जागा घासून ठेवली की अंगठ्याला न बघता कळतं. तिसरं, सुयांचा क्रम बदलतो. एका टाक्यात उजवी सुई आधी, दुसऱ्यात डावी, असं झालं की टाके एकदा चढतात एकदा उतरतात. क्रम एकदा ठरवला की शेवटपर्यंत तोच. दुसरी सुई घालताना पहिल्या दोऱ्याला भोसकू नका. पहिला दोरा जरा मागे ओढून धरला की भोकात जागा होते.

दोन्ही बाजूंना खाच काढून घेतली तर थोडी चूक झाकली जाते. खाच उथळच असू द्या, दोरा पृष्ठभागाच्या जरा खाली बसावा इतपत.

ओलं करून आकार देणं म्हणजे नक्की काय करायचं?

इथे घाई करणाऱ्यांचं होल्स्टर आणि वाट पाहणाऱ्यांचं होल्स्टर वेगवेगळं दिसतं.

हात स्वच्छ धुवा, अंगठी काढा, नखं कापा. ओल्या चामड्यावर नखाची खूण बसली तर ती होल्स्टरच्या आयुष्यभर राहते. शिवलेलं होल्स्टर कोमट पाण्यात पूर्ण बुडवा. बुडबुडे येतील, ते मंदावले की बाहेर काढा. अर्धंच ओलं करू नका, ओलं आणि कोरडं जिथे भेटतं तिथे वाळल्यावर पाण्याची रेघ उमटते आणि ती कुठल्याच रंगाने नीट झाकली जात नाही.

नक्कल पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवा. पुढच्या माशीच्या (नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या बारीक उंचवट्याच्या) रेषेत, नळीच्या वर, एक बारीक लाकडी काडी चिकटवून घ्या. म्हणजे आत माशीसाठी वाट तयार होते. ही काडी विसरलात तर हत्यार काढताना प्रत्येक वेळी माशी चामडं खरवडेल.

आता फक्त हातांनी, तळव्याने आणि अंगठ्याने ढोबळ आकार बसवा. तोंडाचा भाग बाहेरून आवळू नका. मग ते सोडून द्या आणि दुसरं काही करा. अर्धा-पाऊण तास जातो, हवामानाप्रमाणे कमीजास्त. चामड्याचा मूळ रंग पृष्ठभागावर परतायला लागतो, पण गालाला लावलं तर ते अजून गार लागतं. ही वेळ खरी. आता ते घट्ट मळलेल्या मातीसारखं असतं आणि हाडाने काढलेली रेघ जशीच्या तशी राहते. चापाच्या कड्याभोवती, स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) खिडकीच्या कडेला, नळीच्या खाली अशा जागी हाड ओढा. फार ओलं असताना हेच केलं असतं तर सगळ्या रेषा वाळेपर्यंत बुजल्या असत्या.

हत्याराची पकड कुठून येते? चापाच्या कड्यापाशी आणि खिडकीपाशी चामडं जिथे किंचित आत बसतं, तिथून. म्हणून प्रत्येक बारीक बटण आणि स्क्रू उठावदार करायच्या मागे लागू नका. फोटोत छान दिसतं. पण काढताना हत्यार त्या प्रत्येक खाचेत अडतं, आणि सुरक्षेच्या खटक्यावर फार खोल ठसा बसला तर तो खटका होल्स्टरमध्येच सरकू शकतो.

आकार धरला की नक्कल काढून घ्या. आत वारा जाऊ द्या.

लवकर वाळवायला ओव्हन किंवा हेअर ड्रायर चालेल?

मी एकदा ओव्हन वापरला. रात्री उशीर झाला होता, सकाळी द्यायचं होतं. दहा मिनिटांत कडा तपकिरी झाल्या, तोंड आकसलं आणि ज्या नक्कलेवर ते घडवलं होतं तीच आत जाईना. ओलं चामडं तापलं की त्यातले कोलॅजनचे तंतू आखडतात. व्हेज टॅन चामड्यात हे साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात घडतं, आणि एकदा आखडलेलं परत उलगडत नाही.

सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी एक ते दोन दिवस. फारच घाई असेल तर कोमट हवा, ५० अंशांच्या खाली, आणि पंखा. अर्धवट वाळल्यावर नक्कल एकदा घालून काढून बघा. या वेळी काही दुरुस्त करायचं असेल तर अजून जमतं.

वाळल्यावर निळसर काळे ठिपके दिसतात. बुरशी का?

बहुधा नाही. लोखंड आणि टॅनिन पाण्यात भेटले की काळा रंग होतो. कुठे तरी लोखंडी अवजार, हातोडीचा कण, गंजक्या टेबलाचा पत्रा ओल्या चामड्याला लागला असेल. लिंबाचा रस पाण्यात मिसळून हलकेच पुसा, ठिपका फिका होतो. ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावणही चालतं, पण ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. नंतर स्वच्छ पाण्याने पूर्ण पृष्ठभाग पुसून घ्या.

याच गोष्टीचा उपयोग करून घेणारेही आहेत. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस किंवा स्टीलची लोकर काही दिवस मुरवली की एक द्रावण तयार होतं, ते लावलं की व्हेज टॅन चामडं मिनिटभरात काळंकुळकुळीत होतं. हा रंग वर बसलेला नसतो, चामड्यातच घडलेला असतो, म्हणून हाताला लागत नाही. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल मारायचं आणि मग तेल द्यायचं. मुरवताना बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो.

रंग सारखा बसत नाही, ढगाळ दिसतो.

हीच ती जागा जिथे आधीची पापं वर येतात. जिथे गोंद सांडला, जिथे तेलकट बोट लागलं, जिथे पाणी अर्धवट पोचलं, तिथे रंग वेगळा पितो. रंगापूर्वी स्पिरिटने पूर्ण पृष्ठभाग पुसून घ्या. चामडं पूर्ण कोरडं हवं. स्पिरिटमध्ये विरघळलेला रंग खोल जातो पण चामडं कोरडं करतो, तेलात मिसळलेला रंग जरा सावकाश आणि एकसारखा पसरतो. पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेलाचा सुचवतो.

गडद रंग एकदम लावू नका. पातळ करून दोन-तीन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा गोल गोल. कापलेल्या तुकड्यांवर आधी बघा, कारण बाटलीवरचा ‘मध्यम तपकिरी’ प्रत्येक कातड्यावर निराळा असतो. आतल्या खरबरीत बाजूला रंग देऊच नये असं माझं मत आहे. कारण तो घासून हत्याराला लागतो.

रंग कपड्यांना लागतो.

वरचा सुटा रंग पुसलेला नाही. रंग वाळल्यावर कोरड्या सुती फडक्याने घासा, फडकं रंगायचं थांबेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, काळ्या रंगाला तर अर्धा तास जातो. हे टाळून वर ॲक्रिलिकचा थर मारला तर सुटा रंग त्या थरात अडकून चट्टे दिसतात.

तेल किती द्यायचं?

वाटतं त्याच्या निम्मं. पाण्याने आणि रंगाने चामड्यातली मूळची चरबी कमी होते, ती थोडी परत द्यायची एवढाच हेतू. नीट्सफूट तेल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल, फडक्याने एक पातळ हात. रात्रभर ठेवा, ते स्वतः पसरतं. जास्त तेल दिलं की होल्स्टर मऊ पडतं, कष्टाने बसवलेला आकार ढिला होतो, तोंड मिटायला लागतं. पिशवीला जे वरदान ते होल्स्टरला मारक. जवसाचं तेल वापरू नका, ते वाळून कडक होतं.

कडा काचेसारख्या कशा करायच्या?

शिवल्यावर आणि आकार द्यायच्या आधी, दोन्ही थर एकाच पातळीत येईपर्यंत सँडपेपरने घासा: १२० नंबरपासून सुरू करून २२०, ४००, वाटलं तर ६००. मग छिलणीने दोन्ही बाजूंचे कोपरे काढा. थरांमधली रेघ दिसते आहे तोवर पुढे जाऊ नका, कुठलंही मेण ती रेघ भरून काढणार नाही.

आकार दिलेलं होल्स्टर वाळलं आणि कडेला रंग दिला की घोटाई. कड ओलसर करा, भिजवू नका. ट्रॅगाकँथ डिंकाचं पाणी असेल तर उत्तम, नुसतं पाणीही चालतं. कठीण लाकडाने भरभर घासा. घर्षणाच्या उबेने तंतू बसतात आणि चकाकी येते. आधी हलका दाब, मग जास्त. पहिल्याच फेरीला जोर दिला तर कड मशरूमसारखी दोन्हीकडे फुलते. शेवटी मधमाशीचं मेण घासून जाड कापडाने एकदा. तेल किंवा मेण आधी लावलंत तर पाणी आत जाणार नाही आणि घोटाई होणारच नाही, म्हणून घोटाई तेलाच्या आधीच उरका.

तासभर घोटूनही कड केसाळ राहिली तर दोष हाताचा नाही, तुकडा पोटाकडचा आहे.

वरून मेण की ॲक्रिलिक?

ॲक्रिलिक पाऊस आणि घाम अडवतं, रंग बांधून ठेवतं. समान पाणी मिसळून, स्पंजने, एका दिशेने, दोन पातळ हात. लावलेल्या जागी परत फिरलात की रेघा उठतात. जाड थर दुमडीवर तडकतो आणि प्लॅस्टिकसारखा दिसतो. मेण हाताला छान लागतं, ओरखडे त्यात मुरतात, पण दर काही महिन्यांनी परत द्यावं लागतं. रोज अंगावर वापरायचं असेल तर ॲक्रिलिक, नाहीतर मी मेणाकडे झुकतो. आधी ॲक्रिलिक आणि वर मेण चालतं, मेणावर ॲक्रिलिक टिकत नाही.

नक्षी काढायची असेल तर?

आकार द्यायच्या आधी, चामडं सपाट असताना. आणि ज्या भागात खोल आकार बसणार आहे तिथे नको, ताणाने नक्षी पुसट होते. जुन्या मेक्सिकन लूप पद्धतीच्या होल्स्टरमध्ये मागे एक रुंद पाठ असते, तिच्यातल्या चिरांमधून होल्स्टर ओवून धरलेलं असतं. नक्षीला ती पाठ म्हणजे मोकळं अंगण आहे. शिवाय त्यात खिळा-बटणही लागत नाही.

नवं होल्स्टर फार घट्ट आहे. तेल लावून सैल करू?

तेल नको. हत्यार (रिकामं) किंवा नक्कल मेणाच्या कागदात एक-दोन पदर गुंडाळून आत ढकला आणि रात्रभर ठेवा. सकाळी काढून वीस-पंचवीस वेळा घाला-काढा. एवढ्याने बहुतेकांचं काम होतं.

आणि सैल असेल तर?

व्हेज टॅन आणि वरून ॲक्रिलिक नसेल तर परत भिजवून आकार देता येतो, एकदा. नाहीतर शिवणीच्या आत दोन-तीन मिलिमीटरवर दुसरी शिवण घाला.

हत्यार होल्स्टरमध्येच ठेवून कपाटात ठेवू का?

नाही. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि तो पोलादाला देतं. पितळेवर हिरवा थर येतो, तोही चामड्यातल्या चरबीच्या आम्लांमुळे. दोन्ही वेगवेगळे ठेवा, आणि हत्यार कुलपात.

बुरशी आली.

कोरड्या ब्रशने बाहेर उघड्यावर झाडा, व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन पुसा, सावलीत वाळवा, मग मेण. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, बुरशी तिथूनच येते.

होल्स्टर कधी टाकून द्यायचं?

तोंड मिटायला लागलं, चापाच्या जागी चामडं आत लुळं पडलं किंवा टाके झिजून तुटायला लागले की. टाके परत घालता येतात, लुळं पडलेलं चामडं परत ताठ होत नाही. कुणी उचलून वापरू नये म्हणून शिवणीलगत उभं कापून टाका. कापलेला छेद बघा: आरी कुठे भरकटली होती, गोंद कुठे पोचला नव्हता, सगळं तिथे दिसतं.